लिंगोची गाथा आणि एक स्कॉटिश पाद्री

स्कॉटलंडचे लोक जेथे जेथे गेले, तेथे तेथे आपली चर्चे, शाळा व गाणी बरोबर घेऊन गेले. इ. स. १८४५ मध्ये नागपुरास आलेले पाद्री स्टीफन हिस्लॉप हे त्यांपैकीच होत. त्यांचे जन्मगाव डन्स हे इंग्लंडच्या सीमेलगतचे. त्याच सीमाप्रांतातील लोकगीते वॉल्टर स्कॉट यांनी १८०२ मध्ये छापून काढली होती. निरक्षरांच्या ओठांवरील गीत हेही राष्ट्राचे धन होय, ही जाणीव त्या भूमीत रुजलेली होती.

हिस्लॉप धर्मप्रसारासाठी आले हे खरे. तथापि गोंडांचे शब्द त्यांनी काळजीपूर्वक टिपले. एका परधानाकडून त्यांनी लिंगोची गाथा लिहून घेतली. महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगोने कसे सोडविले, हे तीत वर्णिले आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना, पुराच्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. मागे राहिलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

ती गुहा गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, कचारगड येथे आहे, अशी गोंडांची श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेस तेथे दूरदूरच्या प्रांतांतून गोंड समाज लोटतो. गाथा काही हिस्लॉप यांनी निर्माण केली नाही. ती परधानांच्या कंठातच जगली. परंतु ज्यांना ‘रानटी’ म्हणून हिणविले जाई, त्यांनाही स्वतःचा पूर्वेतिहास आहे, याची साक्ष त्या छापील पानांनी सुशिक्षित जगापुढे ठेविली. स्वदेशाच्या गीतांचा अभिमान परक्याच्या गीतालाही मान देऊ शकतो, तो असा.