माळवदावरची माती

अक्षय्य तृतीयेला मंदिरात उसाचा रस वाटून झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही सगळे हिप्परग्याच्या मळ्यावर गेलो. दरवर्षीचा नेम आहे. मुलांना सुट्टी लागली की लेकी-सुना, नातवंडं सोलापुरात जमतात आणि आठ-दहा दिवस तळ्याकाठच्या घरात जातात. पाहुणे म्हणतात, "काय मजा आहे तुमची, तळ्याकाठी बंगला!" बंगला कसला, दोन खोल्या आणि पुढे पडवी आहे. आणि मजा म्हणाल तर पहिले चार दिवस झाडणं, सारवणं, भिंतीची भोकं बुजवणं आणि माळवद नीट करणं यातच जातात. पण या दुरुस्तीनेच मला एक मोठा धडा शिकवला. तो लिहीन लिहीन म्हणता तीस वर्षं गेली.

आधी तळ्याविषयी, कारण आमचं घर तळ्यामुळेच आहे.

तुळजापूर रस्त्याने सोलापूरच्या बाहेर पडलं की जे मोठं पाणी दिसतं ते एकरुखचं तळं. आपण सगळे त्याला हिप्परगा तलाव म्हणतो. आदिला नदीवर मातीचा बांध घालून ते केलं आहे. काम १८६६ साली सुरू झालं आणि १८७१ साली पुरं झालं. बांधाची लांबी सुमारे ७,००० फूट आणि उंची ७५ फुटांच्या आसपास. पुण्याचं खडकवासला धरण पुरं व्हायच्या आधीचं हे काम आहे. मुंबई इलाख्यातल्या सगळ्यात मोठ्या तळ्यांत त्याची गणना व्हायची. त्यातून शेतीसाठी तीन कालवे काढले होते आणि शहराच्या नळालाही याच तळ्याचं पाणी आलं. तळं पुरं होऊन पाच वर्षं झाली नाहीत तोच १८७६ चा मोठा दुष्काळ आला. आपल्या मुलखात पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा, म्हणून इथे माणसाने तळ्याला नेहमीच देवासारखं जपलं आहे. आपल्या श्रावकाचारातही गृहस्थाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत 'सरःशोष' म्हणजे तळी आटवण्याचा धंदा आहे. तळं आटवलं की त्यातले असंख्य जीव मरतात.

मामंजींनी हा मळा घेतला १९५१ साली. त्यातलं घर त्याच्याही आधीचं, जुन्या पद्धतीचं. काळ्या दगडाच्या अडीच फुटी भिंती, मातीत रचलेल्या. वर माळवद. नव्या पिढीतल्या वाचकांनी माळवद पाहिलं नसेल म्हणून सांगते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर दाटीने बसवलेली किलचण, तिच्यावर लिंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर ठोकून उतार दिलेली पांढरी माती. ही माती शेतातली चालत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मग पहिल्याच पावसात घर गळणार. म्हणून जुन्या गावठाणाची पांढरी मातीच आणायची. काळी पिकवायला आणि पांढरी राहायला, असा सरळ हिशोब होता. मे महिन्यात बाहेर पाऊल टाकवत नाही इतकं ऊन असलं तरी माळवदाखाली गारवा असतो. पावसाने दरसाल थोडी माती वाहून जाते, म्हणून दर उन्हाळ्यात थोडी माती वर टाकायची.

मामंजींचा रोजमेळ फार काटेकोर. दुकानाचा वेगळा, घराचा वेगळा आणि मळ्याच्या घराचा आणखी वेगळा. लाल कापडी पुठ्ठ्याची ती वही आज माझ्याकडे आहे. वैशाखात पान उघडायचं आणि आषाढाच्या आत बंद करायचं, कारण चातुर्मासात खणणं, पाडणं, बांधणं काही करायचं नाही. पावसाळ्यात जीवोत्पत्ती फार होते. सासूबाई म्हणायच्या, "घर म्हटलं की आरंभी हिंसा आलीच. ती टळत नाही, पण कमी तर करता येते." म्हणून भिंतीला हात लावायच्या आधी त्या मऊ कुंचीने कानाकोपरा झाडून घ्यायच्या. चुना भिजवायचं पाणी गाळूनच घ्यायचं आणि गाळण्यावरची जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडायची. चुन्यात गूळ घालायची पद्धत होती, त्याने चुना घट्ट धरतो. सासूबाईंनी तो बंद करून हिरड्याचं पाणी घालायला लावलं, कारण गुळाला मुंग्या लागतात. गवंडीमामा हसायचे, पण ऐकायचे.

वही वाचताना देशाचा इतिहासही कळत जातो. १९८२ पर्यंत तिच्यात चुनाच चुना आहे. सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं, परवान्याशिवाय मिळत नसे. १९८२ साली नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८४ च्या पानावर पहिल्यांदा लिहिलं आहे, 'सिमेंट, ६ पोती'. त्या वर्षी आम्ही हौसेने बाहेरून गिलावा करून घेतला. भिंत गुळगुळीत झाली. पण आत माती आणि बाहेर सिमेंट! आत शिरलेली ओल बाहेर पडेना. तीन पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे आले. आम्ही काय केलं? त्यावर आणखी एक हात मारला.

त्या पानावरचं अक्षर मामंजींचं नाही, माझं आहे. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसेनासं झालं तेव्हा वही त्यांनी माझ्या हाती दिली. म्हणाले, "तू बी. कॉम. आहेस, तूच लिही." मला केवढा अभिमान वाटला होता! कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की दुरुस्ती हा महसुली खर्च. त्याने मालमत्तेची किंमत वाढत नाही, ती फक्त होती तशी राहते. मी दर मे महिन्यात नेमाने लिहीत गेले, 'पांढरी माती टाकली, मजुरी अमुक, गाडीभाडं अमुक.'

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी दशलक्षण पर्व संपलं होतं. आमच्या घरात दोघींचा उपवास, पारण्याची तयारी करायची म्हणून मी लवकर उठणार होते. पहाटे चारच्या सुमारास पलंग हलला, मांडणीवरची भांडी वाजली. आम्ही मुलांना घेऊन रस्त्यावर आलो. शेजारीपाजारी सगळे बाहेर. उजाडल्यावर रेडिओवर किल्लारी, सास्तूर ही नावं यायला लागली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. रात्री गणपती विसर्जन करून दमून झोपलेली, झोपेतच गेली.

पुढे काही दिवसांनी आपल्या समाजातर्फे कपडे, धान्य घेऊन गाड्या गेल्या, त्यात माझे यजमान होते. परत आल्यावर दोन दिवस ते धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "सगळी घरं आपल्या मळ्यासारखी होती गं."

मग वर्तमानपत्रांत, सरकारी पत्रकांत कारणं येऊ लागली. भूकंप फार मोठा होता असं नाही, त्याहून मोठे जगात पुष्कळ झाले. पण दगडी भिंती मातीत रचलेल्या, आतली आणि बाहेरची बाजू सांधणारे आरपार दगड नाहीत, त्यामुळे भिंत उभी फाटली. आणि वरून माळवद खाली आलं. माळवद मुळात एवढं जड नसतं. दरसाल माती टाकत टाकत ते जड होतं. पाऊस थोडी नेतो, आपण जास्त टाकतो. बापाने टाकली, लेकाने टाकली, जुनी कुणी काढली नाही. काही घरांवर दोन-दोन फूट माती झाली होती.

ते वाचलं त्या रात्री मी लाल वही काढली. १९५१ पासूनची पानं उलटली. 'माती टाकली' ही नोंद जवळजवळ दर वर्षी होती. 'माती काढली' फक्त दोनदा, तीही मामंजींच्या अक्षरात, १९५८ आणि १९६७ साली. माझ्या अक्षरात आठ वर्षं नुसतं 'टाकली, टाकली, टाकली'. हिशोब चोख होता, पण जमेची एकच बाजू लिहिलेला. त्यानंतर मी दुसरा हिशोब मांडला. मोठी खोली वीस फूट बाय बारा फूट. यजमानांनी मळ्यावर जाऊन कडेला सळई घालून पाहिलं, माती दोन फूट. म्हणजे ४८० घनफूट, पावणेपाच ब्रास. कोरड्या मातीचं वजन धरलं तरी वीस टनांच्या वर. दोन ट्रक भरून माती, आणि तिच्याखाली दर उन्हाळ्यात माझी दोन्ही मुलं रांगेत अंथरुणं घालून झोपत होती. मी स्वतः त्यांच्या अंगावर पांघरूण घालत होते.

त्या वर्षी क्षमावाणीला मी सगळ्यांची क्षमा मागितली होती. मुलांची मात्र त्या रात्री पुन्हा मागितली, ती झोपेत असताना.

१९९४ च्या उन्हाळ्यात आम्ही माती काढली. टाकायला दोन दिवस लागायचे, काढायला अठरा लागले. एकदम ओढायची नाही, नाहीतर एका बाजूला भार येऊन तुळई सरकते. दोन्ही कडांकडून मध्याकडे थर थर खरवडत यायचं. मातीत मुंग्यांची वारुळं, गोमा, विंचू. सासूबाई तेव्हा सत्तरीच्या, पण खाली खुर्ची टाकून बसल्या. पहिला थर काढला की थांबायचं, जिवांना बाजूला जायला वेळ द्यायचा, मग दुसरा. मजुरांना रोज पूर्ण दिला, काम अर्धा दिवसच घेतलं. माती बांधावर पसरली. वीतभर ठेवली, खाली प्लॅस्टिकचा कागद घातला. भिंतींत ठिकठिकाणी आरपार दगड बसवून घेतले, खांब आणि तुळयांना तिरके टेकू दिले. सिमेंटचा गिलावा खरवडून पुन्हा चुना केला. कितीतरी लोकांनी त्या काळात भीतीने माळवदं पाडून पत्रे घातले. त्यांना नावं ठेवणार नाही. ज्याने ते ढिगारे पाहिले त्याला रात्री झोप कशी लागावी?

काम चालू असताना एकदा सासूबाई म्हणाल्या, "आपण पाठशाळेत आस्रव, बंध, संवर, निर्जरा घोकतो. निर्जरा म्हणजे काय ते आज वर बघून कळलं." मी पाट्या मोजत होते, माझं बोट तिथेच थांबलं. कर्म काही एका दिवसात डोंगराएवढं येत नाही. रोज अर्धा इंच येतं. थोडा राग, थोडा लोभ, थोडं 'असू दे, नंतर बघू'. वरून ठोकून गुळगुळीत केलेलं असतं, त्यामुळे ओझं दिसत नाही. उत्तराध्ययन सूत्रात निर्जरेला तळ्याचाच दृष्टांत आहे. पाणी आत येण्याची वाट आधी बंद करायची, मग आतलं उपसायचं, उरलेलं उन्हाने आटतं. सोलापूरच्या माणसाला तो दृष्टांत जरा अवघडच, आम्ही तळं भरावं म्हणून आकाशाकडे बघणारे!

पण तळ्यालाही ही गोष्ट लागू आहे. दीडशे वर्षांत आदिलेने जो गाळ आणून टाकला तो तळाशीच बसतो आणि पाण्याची जागा खातो. २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली, तेव्हा मला आमची लाल वही आठवली. उन्हाळ्यात तळ उघडा पडतो त्या वेळी गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा. तळं आटवणं पाप, पण आटलेल्या तळाचा गाळ काढणं हे त्याला जगवणं आहे. काढलेलं वाया जात नाही, योग्य जागी गेलं की त्याचंच सोनं होतं. आमच्या बांधावर पसरलेल्या त्या मातीवर आज लिंबाची चार झाडं उभी आहेत.

यंदा मळ्यावर पुन्हा तोच विषय निघाला. पुतण्या म्हणाला, "काकू, किती दिवस हे करायचं? पाडून स्लॅब टाकू, नाहीतर प्लॉट पाडून विकू." तो चुकीचं बोलत नाही. मी साठी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, माळवद करणारे गवंडी मिळत नाहीत. आणि घराचा मोह हाही परिग्रहच आहे, हे मला कळतं. मी म्हटलं, "विकायचं ठरलं तर मी अडवणार नाही. पण स्लॅब असो, पत्रा असो की माळवद असो, दरसाल कुणीतरी वर चढून काय साठलंय ते बघायला हवं. ती सवय विकू नका." तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत शिडी लावून वर गेला. पन्हळीत अडकलेला पाला, माती काढून पाट्या खाली देत होता आणि माझी नात खाली उभी राहून मोजत होती.

घराचं काय करायचं ते दिवाळीत सगळे भाऊ बसून ठरवतील. तोवर लाल वहीत यंदाची नोंद झाली आहे. मी सांगितलं आणि नातीने तिच्या अक्षरात लिहिलं : 'माती काढली, ६४ पाट्या. माती टाकली, ३० पाट्या.' दोन्ही बाजू लिहायच्या असतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं. मला त्यासाठी किल्लारी पाहावी लागली.

पावसाळा तोंडावर आहे. तुमच्याही घरावर, माळ्यावर, फडताळात आणि मनात काय साठलं आहे ते चातुर्मासाआधी एकदा वर चढून बघा. लिहिण्यात काही चुकलं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र!