जॉबर नावाचा पूर्वज

वारजे माळवाडीच्या मजूर अड्ड्यावर सकाळी आठला जी घासाघीस चालते, ती मी ऑफिसच्या बसची वाट बघत रोज ऐकते. गवंडी, बिगारी, रंगारी, हातात डबे. एखादा मुकादम दुचाकी थांबवून म्हणतो, "चार बिगारी, बावधनला, संध्याकाळी रोख." दोघं पुढे येतात, बाकीचे मान फिरवतात. मग माझी बस येते आणि मी हिंजवडीला जाऊन दिवसभर तेच करते. मी रिक्रूटर आहे. माझ्या अड्ड्यावर माणसांऐवजी सीव्ही उभे असतात, एवढाच फरक.

मागच्या वर्षी एका क्लायंटला तीन आठवड्यांत बारा सर्व्हिस इंजिनिअर हवे होते. पगार बाजारापेक्षा कमी, रात्रपाळी जास्त. या पगारात पोरं टिकणार नाहीत, हे मला पहिल्या फोनलाच कळलं होतं. मी बोलले नाही. बारा जण दिले, इनव्हॉइस गेलं, माझं टार्गेट पूर्ण झालं. तीन महिन्यांत सात जण सोडून गेले. त्यातल्या एकाने जाताना मला मेसेज केला, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं ना?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी गिरणगावातल्या जॉबरपाशी पोहोचले.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी उभी केली. पुढच्या काही दशकांत गिरण्यांची रांग लागली आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं परळ-लालबागला येऊ लागली. मालक पारशी, गुजराती, भाटिया; मॅनेजर कधी कधी थेट लँकेशायरचा. यातल्या फारच थोड्यांना माहीत असायचं की गावाकडे भातलावणी कधी असते आणि अमुक माणूस होळीला गेला तर कधी परततो. हे माहीत असायचं जॉबरला. तो स्वतः कधीतरी साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेला माणूस. माणूस तोच आणायचा, काम तोच शिकवायचा, बिघडलेला साचा तोच लावून द्यायचा, रजाही त्याच्याच हातात. बायका काम करायच्या त्या खात्यात हेच काम नाईकीण करायची.

विणकाम खात्यातल्या जॉबरची कमाई त्याच्या हाताखालच्या विणकरांच्या कमाईशी बांधलेली असे. हे वाचून मी थबकले. त्याने आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच्याच समोर उभा राहणार, आणि त्याने कापड खराब काढलं तर जॉबरचाही खिसा हलका होणार. मी पाठवलेला माणूस जॉइन झाला की माझ्या स्क्रीनवर हिरवा होतो आणि खाली सरकतो.

मालकाला वाट दाखवणारा माणूस लागतो, हे १८९६-९७ च्या प्लेगने उघडं पाडलं. माणसं हजारोंनी मुंबई सोडून गेली, गिरण्या ओस पडल्या. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात कितीतरी दिवस अडकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज पैसे द्यायला तयार झाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांसाठी अक्षरशः बोली लागत होती. अशा वेळी मालकाची सगळी भिस्त माणसं कुठे आहेत आणि कशाने परत येतील हे सांगणाऱ्यावर.

पण जॉबरला देव करू नका. माझे पणजोबा साताऱ्याकडून परळला आले ते शेजारच्या गावच्या जॉबरच्या ओळखीने. पहिल्या पगारातून दस्तुरी कापली गेली, वर दिवाळीला गावाहून तुपाचा डबा. आजी तिच्या सासऱ्यांची ही गोष्ट सांगताना जॉबरला शिव्याच घालायची, आणि त्याच दमात म्हणायची, "पण आजारपणात महिनाभर गावी होते, तरी साचा त्यांचाच राहिला." गिरणीच्या दारात भोंग्याआधी उभ्या असलेल्या बदली कामगारांतून आज कुणाला आत घ्यायचं, हे तोच ठरवायचा. कुणी दारूला पैसे दिले, कुणी त्याच्याकडून व्याजाने उचल घेतली, त्याला आधी काम. माणसाची पारख करणाऱ्याला माणसानेच पैसे दिले की पारख संपली.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी एक गोष्ट छान दाखवली आहे: जॉबर वाटतो तेवढा सर्वशक्तिमान नव्हता. चाळीत त्याचा शब्द चालावा म्हणून त्याला खालच्यांचंही ऐकावं लागे. काम मिळवून देऊ शकला नाही की माणसं दुसऱ्याकडे वळत. संपात तर त्याची फारच ओढाताण.

१९२९ मध्ये जॉन व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयीचं रॉयल कमिशन नेमलं गेलं. १९३१ च्या अहवालात त्याने सांगितलं की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढा आणि गिरणीत लेबर ऑफिसर नेमा. त्या अधिकाऱ्यात काय हवं, तेही लिहिलं: सचोटी, उत्साह, माणूस समजून घेण्याची हातोटी आणि कामगारांची भाषा. आमच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये यातलं फारसं काही नसतं. 'एक्सेल उत्तम हवं' मात्र असतं. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डं देऊन त्यांच्यातूनच रिकाम्या जागा भरायची पद्धत सुरू केली. जॉबरची पकड ढिली झाली, पण तो लगेच गेला नाही. कागदावर न मावणारी माहिती अजून त्याच्याकडेच होती.

नोकरी लावून देण्याचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करारात आहे. आमचं ऑफिस उमेदवाराकडून दमडी घेत नाही, त्या बाबतीत आम्ही जॉबरपेक्षा स्वच्छ. पण पैसे क्लायंटकडून येतात म्हणून क्लायंटला आवडेल तेच बोलायचं, ही माझी दस्तुरी. ती मी खाल्ली होती. क्लायंटचंही त्यात भलं झालं नाही: सात जणांचं प्रशिक्षण वाया गेलं आणि उरलेल्या पाचांवर बाराजणांचं काम पडलं.

परवा त्याच क्लायंटचा पुन्हा मेल आला. दहा माणसं, तोच पगार. या वेळी उत्तर लिहायच्या आधी मी सोडून गेलेल्या सातपैकी पाच जणांना फोन केले. तिघांनी पगाराचं नावही काढलं नाही. रात्री दोनला शिफ्ट संपते आणि परतायला गाडी नसते, हे त्यांचं दुखणं. मी क्लायंटला तसं लिहिलं: दोननंतर गाडी द्या, नाहीतर मी माणसं पाठवणार नाही, पाठवली तरी ती राहणार नाहीत.

माझ्या मॅनेजरने मेल वाचून भुवया उंचावल्या. क्लायंटचं उत्तर अजून आलेलं नाही. आज सकाळी अड्ड्यावर तोच दुचाकीवाला मुकादम एका ठेकेदाराला फोनवर सांगत होता, "सायेब, एवढ्यात कुणी येत नाय, मी इथंच हुबा हाय, इचारून बघा."