इंजिनाने हवा धरली

गेल्या फेब्रुवारीत मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला होडीत बसलो होतो. मुलगी, जावई, दोन नातवंडे आणि मी. निम्म्या वाटेत इंजिनाचा आवाज बदलला. आधी एखादा ठोका गळू लागला, मग धाप लागल्यासारखे झाले, आणि मग सगळे गप्प. नुसते पाणी होडीच्या पोटावर चापट्या मारत होते. जावयांनी नातीला जवळ ओढले. मी मात्र पटकन बोलून गेलो, "काही नाही, हवा धरली!"

खलाशी पोरगा मधली फळी उचलून खाली वाकला (इंजिन होडीच्या पोटातच बसवलेले असते). पान्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि पंपाची छोटी दांडी अंगठ्याने खालीवर करू लागला. स्क्रूतून आधी नुसता फेस, मग फेसाळ तेल, मग नितळ धार. स्क्रू आवळला, इंजिन फिरवले, चालू! जावई विचारतात, "बाबा, तुम्हाला कसं कळलं? बुलडाण्याला कुठे आलाय समुद्र?"

समुद्र नाही, पण विहिरी आहेत ना! आणि विहिरीवरचे आणि होडीतले इंजिन ही सख्खी भावंडे. विहिरीवर पंपाचेच थोडे पाणी वळवून इंजिन थंड ठेवायचे, होडीत समुद्राचे पाणी ओढून. बाकी दुखणी सारखीच. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटते. पण फवारा मारायला पंपात सलग तेल हवे. नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला तरी पंप तेल ढकलायच्या ऐवजी तो बुडबुडाच दाबत बसतो. टाकी भरलेली, आणि इंजिन उपाशी!

यातली गंमत मला निवृत्तीनंतर वाचताना कळली. रुडॉल्फ डिझेलने १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला त्याचे इंजिन यशस्वी झाले. त्यात इंधन आत ढकलायचे काम हवाच करायची, दाबलेली हवा! त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे आणि यंत्राचे धूड होई. डेन्मार्कचे 'सेलंडिया' हे मोठे मोटरजहाज १९१२ साली कोपनहेगनहून थेट बँकॉकपर्यंत गेले ते अशाच इंजिनांवर. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९१३ मध्ये, खुद्द डिझेल इंग्लंडला जाताना बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. पुढे हवेवाचून नुसत्या पंपाने इंधन मारायची युक्ती साधली, आणि १९२७ पासून बॉशच्या कारखान्यात तसे पंप मोठ्या संख्येने बनू लागले. इंजिन लहान झाले, होडीत मावले, बैलगाडीतून विहिरीवर आले. जी हवा इंधनाची सोबतीण होती तीच वैरीण झाली.

आपल्याकडे हे इंजिन आणले ते नांगरवाल्यांनी. साताऱ्याचे धनजीशहा कूपर (हेच १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते) यांच्या कारखान्यात लोखंडी नांगर बनत. तिथे १९३०च्या दशकात डिझेल इंजिन तयार झाले. किर्लोस्करांनीही लोखंडी नांगरांनीच नाव कमावले. त्यांची ऑइल इंजिनची कंपनी पुण्याला १९४६ साली निघाली. आमच्या जिल्ह्यात मलकापूर-खामगावच्या जिनिंग फॅक्टऱ्यांमुळे इंजिन नवे नव्हते, पण शेतात मोटच. उत्तरेकडे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीच खारट, तिथे इंजिन असून करायचे काय? पण आमच्या चिखलीकडे पाणी गोडे. १९७२चा दुष्काळ पाहिल्यावर अण्णांनी हाय खाल्ली आणि १९७३ साली भूविकास बँकेचे कर्ज काढून पाच हॉर्सपॉवरचे इंजिन घेतले. आईच्या पाटल्याही त्यातच गेल्या.

त्या हिवाळ्यात गहू पेरला होता. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तीन डॉलरच्या आसपासचे खनिज तेलाचे पिंप जानेवारीपर्यंत बाराच्या घरात गेले. त्या युद्धाची झळ आमच्या धुऱ्यापर्यंत आली! डिझेल जपून, मोजून वापरायचे. आणि नेमके तेव्हाच इंजिन बंद पडू लागले. अर्धा तास चालायचे, धापा टाकायचे, बंद. सालदाराने हवा काढावी तर स्क्रूतून तेलच येईना. मग तो टाकीचे झाकण उघडून डब्यातले थोडे डिझेल ओतायचा, की लगेच चालू. पुन्हा अर्ध्या तासाने तेच.

मी तेव्हा बीए होऊन नुकता शाळेत लागलो होतो. रविवारी घरी आलो आणि टाकीच्या तळचे डिझेल बाटलीत काढून ठेवले. खाली पाण्याचे चार थेंब जमले. झाले! ताजे डिझेल ओतले की चालते, टाकीतले संपवत नाही, तळाला पाणी. याचा अर्थ कोणीतरी डिझेल काढून पाणी घालतोय. हे मी अण्णांना सांगितले, सगळ्यांसमोर, वर्गात फळ्यावर प्रमेय सोडवावे तसे. सालदार एवढेच म्हणाला, "म्या नाई घेतलं, अण्णा." वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या बापाचे वय असेल त्याचे. अण्णांनी त्याला साल पुरे व्हायच्या आत काढले, उरलेली मजुरीही अडकवून ठेवली.

जानेवारीत नव्या गड्याच्या हाताखालीही इंजिन तसेच बंद पडले. चिखलीहून फिटर सायकलवर आला. त्याने कशालाच पाना लावला नाही. आधी टाकीचे झाकण सैल केले. स्स्स... करून हवा आत गेली! झाकणाला एक बारीक भोक असते. तेल खाली उतरते तशी त्यातून टाकीत हवा शिरायला हवी. ते भोक कुंभारीण माशीने मातीने लिंपले होते. हवा शिरेना म्हणून तेल उतरेना. ओतलेल्या डिझेलने नव्हे, झाकण उघडल्याने इंजिन चालत होते. आणि ते पाणी? थंडीच्या रात्री अर्ध्या रिकाम्या टाकीला आतून दव सुटते, फिटर म्हणाला, सगळ्यांच्याच टाकीत असते. त्याने बाभळीच्या काट्याने भोक मोकळे केले. चहा घेतला आणि गेला.

अण्णा दुसऱ्या दिवशी मजुरीचे पैसे आणि दोन पायल्या ज्वारी घेऊन सालदाराच्या घरी गेले. मी शाळेचे निमित्त सांगून गेलो नाही. त्याने पैसे घेतले, ज्वारी परत केली. गुढीपाडव्याला अण्णांनी पुन्हा निरोप धाडला, तो आला नाही.

पुढे विहिरीवर वीज आली, इंजिन गोठ्यात गेले. २००५ नंतर भारनियमनाने जीव खाल्ला तेव्हा धाकट्या भावाने ते पुन्हा बाहेर काढले होते. असो. त्याच्या बऱ्याच आधी एकदा चिखलीच्या बाजारात सालदार भेटला. पार वाकला होता. "मास्तर, इंजन चालते का?" मी म्हटले, "आता मोटर बसवली." मनात होते ते ओठावर यायच्या आत त्याची यष्टी लागली.

किल्ला पाहून परतताना मी त्या खलाशाला टाकीचे झाकण दाखवायला सांगितले. तो हसला. म्हणाला, डिझेल कमी होते, लाटेवर होडी कलली की नळी उघडी पडते आणि हवा ओढते. तरी त्याने झाकण काढून हातात दिले. भोक मोकळे होते.