ठिणगीची खरखर

1887 च्या सुमारास हाइनरिश हर्ट्झने रेडिओलहरी निर्माण केल्या, त्या इंडक्शन कॉइल आणि ठिणगीच्या फटीतून. मार्कोनीचे सुरुवातीचे बिनतारी संदेशही ठिणगीवरच गेले. मोटारसायकलची कॉइल, जाड वायर आणि प्लग हे त्याच यंत्राचे भाऊबंद. हर्ट्झला लहरी हव्या होत्या, इथे फक्त पेट्रोल पेटवायचं असतं, पण लहरी उठायच्या त्या उठतातच आणि जवळच्या रेडिओत खरखर उमटते. ही खरखर दाबण्याच्या उपायांचा इतिहास सहसा तंत्राच्या प्रगतीचा म्हणून सांगतात. मला तो खरखर कोणाला ऐकू जाते, याचा इतिहास वाटतो.

आधी ती ऐकू जायची शेजाऱ्याला. घरोघरी रेडिओ आले तशा तक्रारी वाढल्या आणि 1934 मध्ये रेडिओ-व्यत्ययासाठी ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. 1936 मध्ये लंडनहून बीबीसीचं टीव्ही प्रसारण सुरू झालं. त्या पद्धतीत संदेश जितका जोरदार तितका पडदा उजळ, त्यामुळे रस्त्यावरून गाडी गेली की चित्रावर पांढरे ठिपके सांडत. 1952 मध्ये ब्रिटनने इग्निशनच्या व्यत्ययावर नियमच केले. उपाय साधा होता: प्लगच्या कॅपमध्ये काही हजार ओहमचा रेझिस्टर. खर्च गाडीवाल्याचा, सुख शेजाऱ्याचं; हा उपाय गाडीवाल्यांना फारसा रुचला नाही यात नवल नाही.

‘रेझिस्टरने ठिणगी मरते’ हा आक्षेप तेव्हापासून गॅरेजमध्ये ऐकू येतो. तो वाटतो तितका खरा नाही. ठिणगी पडेपर्यंत फटीतून जवळजवळ प्रवाहच वाहत नाही, मग रेझिस्टरवर व्होल्टेज वाया जाणार कसं? ठिणगी पडल्यावरचा मुख्य प्रवाह साधारण चाळीस-पन्नास मिलिअँपिअरचा असतो. पाच हजार ओहमवर तो दोन-अडीचशे व्होल्ट खाईल, आणि फट ओलांडायला तर कित्येक हजार लागतात. रेझिस्टर अडवतो तो पहिल्या क्षणाचा, अतिशय तीव्र आणि क्षणभंगुर झटका. खरखर त्यातूनच येते.

पॉइंटवाल्या गाड्यांत कंडेन्सर होताच की, असं कोणी म्हणेल. पण त्याचं काम पॉइंट जळू न देणं आणि कॉइलमधला प्रवाह झटकन तोडणं. प्लगच्या फटीतल्या गोंगाटाला तो आवरत नाही. जुन्या येझदी मोटारसायकलने तो गोंगाट निमूट सोसला, कारण कॅमने उघडणाऱ्या पॉइंटला कान नसतात.

कान आले ते इलेक्ट्रॉनिक इग्निशनबरोबर. 1969 च्या कावासाकी मॅक-थ्रीमध्ये सीडीआय, म्हणजे कपॅसिटरवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, होतं. आपल्याकडे 1985 च्या हिरो होंडा सीडी 100 ने ते सर्वसामान्यांच्या घरात आणलं. ठिणगी कधी पाडायची हे पिकअप कॉइलच्या छोट्याशा स्पंदनावर ठरू लागलं. किक मारताना ते स्पंदन आणखी क्षीण असतं, आणि शेजारून प्लगची वायर गेली असेल तर तिचा झटका सीडीआयला खऱ्या इशाऱ्यासारखाच भासतो. ठिणगी अवेळी पडते, गाडी मिसिंग करते. म्हणून पिकअपच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन, प्लगच्या वायरपासून दूर न्यायच्या, अर्थिंगचा सांधा गंज खरवडून घट्ट करायचा. एके काळी कायद्याच्या धाकाने आलेली रेझिस्टरची कॅप आता गाडीच्या स्वतःच्या गरजेची झाली.

2020 च्या बीएस-सिक्स नियमांनी फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) बहुतेक दुचाकींत आणले. पुण्याच्या एआरएआयने प्रकाशित केलेल्या एआयएस-004 या मानकात गाडी किती खरखर बाहेर टाकते आणि बाहेरची किती सोसते, या दोन्हींची परीक्षा आहे. तरी रेझिस्टर काढून साधी कॅप बसवणारे हौशी अजून भेटतात. फक्त आता पहिली तक्रार शेजाऱ्याआधी त्यांच्याच ईसीयूची येते.