दामोदर चापेकर यांचे आत्मवृत्त : जहाल लेखनाचे वाचन आणि हिंसेचा अंदाज

प्रस्तावना

जहाल लेखनावरून लेखकाचा हेतू ओळखता येतो काय आणि भावी हिंसेचा अंदाज बांधता येतो काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. घाटकोपर येथील बसमधील स्फोट (२ डिसेंबर २००२), मुलुंड येथील लोकलमधील स्फोट (१३ मार्च २००३) आणि ११ जुलै २००६ ची रेल्वे स्फोटमालिका यांमुळे मुंबईच्या उपनगरांना त्याचे गांभीर्य जाणवले. परंतु या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी १८९७ मध्ये पुण्यात लागली होती. परकीय सत्तेविरुद्धची कृती आणि निरपराध प्रवाशांवरील स्फोट यांना एका मापाने मोजता येत नाही. येथे विचार आहे तो केवळ वाचनपद्धतीचा.

सरकारचे वाचन

१८९७ च्या प्रारंभी पुण्यात प्लेगची साथ पसरली. प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या अमलाखाली सोजिरांनी घरोघर घेतलेल्या झडत्यांमुळे जनमत प्रक्षुब्ध झाले. २२ जून रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यापूर्वी एक आठवडा, १५ जूनच्या 'केसरी'त, शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त व अफजलखानवधाची चर्चा प्रसिद्ध झाली होती. या दोन घटनांची सांगड घालणे सरकारधार्जिण्या वर्तुळांना सोपे वाटले. टिळकांवर खुनाचा नव्हे, तर राजद्रोहाचा खटला भरला गेला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा व्यापक अर्थ लावला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी ठरविल्यावर टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी खुनाचा छडाही लागलेला नव्हता. दामोदर हरि चापेकर यांचा कबुलीजबाब त्यानंतरचा, ऑक्टोबर महिन्यातील आहे.

आत्मवृत्ताची साक्ष

१८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी जाण्यापूर्वी दामोदर यांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिले. पोलिसांच्या नजरेखाली, मृत्यू समोर दिसत असताना लिहिलेल्या या मजकुरात आत्मगौरव असणे स्वाभाविक आहे. त्यामुळे त्यातील प्रत्येक विधान पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. तरीही दोन गोष्टी त्यातून स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट हेतूची. कीर्तनकार पित्याच्या संस्कारात वाढलेल्या या तरुणाचा रोष केवळ इंग्रजांवर नव्हता. समाजसुधारकांवरही तो तितकाच होता. स्वतः टिळकही त्याच्या टीकेतून सुटले नाहीत. सैनिकी जीवनाची तीव्र ओढ आणि ती पुरी न झाल्याचे शल्यही मजकुरात जाणवते. 'केसरी' वाचून पेटलेला अनुयायी, हे चित्र या मजकुराशी जुळत नाही.

दुसरी गोष्ट कृतींच्या क्रमाची. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासणे, विद्यापीठ परीक्षेच्या मंडपाला आग लावणे, सुधारकांवर हल्ले करणे, तरुण जमवून व्यायाम व शस्त्रांची जमवाजमव करणे, ही सर्व कृत्ये आत्मवृत्तात स्वतःच्या नावावर नोंदलेली आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. रीड मेलॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे सांगितलेल्या आठ धोक्याच्या वर्तनांत 'नवी आक्रमकता' हे एक आहे. मूळ लक्ष्याशी संबंध नसलेली हिंसा करून स्वतःची क्षमता अजमावणे, असा त्याचा अर्थ. चापेकरांच्या बाबतीत धोक्याची खूण शब्दांच्या दाहकतेत नव्हती. ती कृतींच्या या चढत्या श्रेणीत होती.

चुकीच्या वाचनाचे परिणाम

१८९८ मध्ये कलम १२४-अ अधिक कडक करण्यात आले व १५३-अ हे नवे कलम आले. तरीही फेब्रुवारी १८९९ मध्ये, माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंचे खून झाले. पुढे जून १९०९ मध्ये गणेश दामोदर सावरकर यांना काव्यप्रकाशनाबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला, त्यामागे या शिक्षेचा सूड हे एक कारण होते. हिंसा रोखण्यासाठी दिलेली शिक्षाच हिंसेचे निमित्त ठरली. तथापि १९१८ च्या रौलट समितीने आपल्या अहवालाचा आरंभ मुंबई प्रांतापासून करून, उत्सव, वृत्तपत्रे व खून यांची तीच साखळी पुन्हा मांडली.

निष्कर्ष

प्रक्षोभक लेखन हजारो जण वाचतात. शस्त्र उचलणारे मोजके असतात. म्हणून लेखनाचा सूर हे हिंसेचे पुरेसे गमक नव्हे. लेखकाचा विशिष्ट व्यक्तीवर खिळलेला रोष, पूर्वतयारी, लहान कृत्यांतून वाढत जाणारे धाडस आणि 'आता दुसरा मार्ग नाही' ही भावना यांचा शोध मजकुरात व मजकुराबाहेरही घ्यावा लागतो. हा विवेक सुटला, तर मत मांडणारा तुरुंगात जातो आणि कट करणारा मोकळा राहतो. सप्टेंबर १८९७ मध्ये नेमके हेच घडले होते.