पोलादाला कोळशाचं कवच

फेब्रुवारी १८२८ मध्ये शनिवारवाड्याला लागलेली आग सात दिवस धुमसत होती. सागवानी महाल गेले, दगडी तट राहिला. तिथे पोलाद असतं तर? पोलाद जळत नाही, पण साधारण ५५० अंश सेल्सिअसला त्याची ताकद निम्म्यावर येते. जाड लाकडावर निदान कोळशाचा थर धरतो आणि आतला भाग काही काळ वाचतो. पोलादाला ही सोय रंगातून द्यावी लागते. अमोनियम पॉलिफॉस्फेट, पेंटाएरिथ्रिटॉल आणि मेलामाइन असलेला लेप तापला की फुगतो, सच्छिद्र कोळसा होतो. आग विझत नाही, पण माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. गंमत म्हणजे अशा लेपाचं १९३८ चं अमेरिकी पेटंट लाकडासाठी होतं! म्हणून लिटरेचर शोधताना लाकडावरचे जुने पेपरही वाचा.