फर्दिनांदेआ रेल्वे

फर्दिनांदेआ रेल्वे : मिलान ते व्हेनिस लोहमार्ग बांधण्यासाठी उभी राहिलेली उत्तर इटलीतील एक आद्य रेल्वे कंपनी. लोंबार्दी व व्हेनेतो या प्रांतांवर तेव्हा ऑस्ट्रियाचा अंमल असल्याने तिला सम्राट पहिला फर्डिनांट याचे नाव मिळाले. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी 1835 मध्ये ही कल्पना मांडली. आराखडा जोव्हान्नी मिलानी या अभियंत्याने केला.

कंपनीचा इतिहास बांधकामापेक्षा वादानेच अधिक गाजला. मिलानी याने मिलानहून त्रेव्हील्योमार्गे थेट ब्रेशा गाठणारा मार्ग आखला होता. त्यात बेर्गामो वगळले गेल्याने तेथील नागरिक व काही भागधारक विरोधात उभे राहिले. कंपनीच्या लोंबार्द शाखेचे सचिव व विचारवंत कार्लो कात्तानेओ यांनी थेट मार्गाचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे नेतृत्व करणारे दानिएले मानीन हेही भागधारकांच्या झगड्यात उतरले. राजकीय सभांना मज्जाव असलेल्या त्या काळात रेल्वेच्या सभांनीच लोकांना जाहीर वादविवादाची सवय लावली. हे कंपनीचे मोठे, पण दुर्लक्षित कार्य होय.

पादुआ ते मेस्त्रेजवळील खाडीकाठ हा सुमारे 30 किमी.चा पहिला टप्पा डिसेंबर 1842 मध्ये सुरू झाला. खरा पराक्रम पुढेच होता. तोवर व्हेनिसला केवळ नावेनेच जाता येई. खारकच्छावर 222 कमानींचा, सुमारे 3.6 किमी. लांबीचा पूल बांधून जानेवारी 1846 मध्ये रेल्वे थेट शहरात नेण्यात आली. एवढे मोठे काम त्या काळी क्वचितच झाले असेल. त्याच वर्षी फेब्रुवारीत मिलान–त्रेव्हील्यो टप्पाही खुला झाला. 1849 मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने मानीन यांच्या प्रजासत्ताकाला वेढा घातला, तेव्हा त्याला रोखण्यासाठी व्हेनिसवासीयांनी या पुलाच्या काही कमानी सुरुंगाने उडवल्या. पुढे त्या पुन्हा बांधण्यात आल्या.

खर्च पेलेनासा झाल्यावर 1852 मध्ये ही रेल्वे सरकारच्या ताब्यात गेली व 1856 मध्ये रोथ्सचाइल्ड घराण्याच्या पाठबळावरील नव्या कंपनीला विकली गेली. मिलान–व्हेनिस मार्ग 1857 मध्ये सलग झाला, पण बेर्गामोमार्गे वळसा घेऊनच. मिलानी व कात्तानेओ यांनी धरलेला थेट मार्ग 1878 मध्ये, स्वतंत्र इटलीत, पूर्ण झाला.